सोबतीचा पट्टा

मालनाक्काची तक्रार एवढीच होती, की छप्पन्न वर्षं ज्या माणसाला तिनं तव्यावरची भाकरी थेट ताटात वाढली, तो माणूस आता तिनं भरवलेला घास गालात धरून भिंतीकडं बघत बसतो, आणि ती बया दारात आली की मात्र मान ताठ करून गिळायला तयार होतो. दूधवाल्याला तिनं हे सांगितलं होतं. शेजारच्या लाटकरीणबाईंना सांगितलं होतं. औषधांची पुडकी ड्रोननं गच्चीवर टाकून जाणाऱ्या कंपनीचा फोन आला, तेव्हा फोनवरच्या गोड आवाजाच्या बाईलाही पाऊण तास सांगितलं होतं. ती बाई म्हणजे माणूस नव्हती, मशीन होतं, हे सुनेकडून कळल्यावर मालनाक्का म्हणाली, "असू दे. मधी मधी तोंड तरी घातलं न्हाई तिनं."

ती बया म्हणजे सुगंधा. रोज साडेबाराला तिची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबायची. वय बहात्तर, पाठ सरळ, अंगावर धुवट पण कडक घडीचं लुगडं. हात धुऊन ती आण्णांच्या शेजारच्या खुर्चीत बसायची. जेवणाच्या सुट्टीत कामावरून घरी येणारी सून अश्विनी दोघांच्या गळ्यात एकेक करडा पट्टा बांधायची, कानामागं रुपयाएवढी चकती चिकटवायची, आणि मग मालनाक्कानं दोन ताटं वाढायची. नवऱ्याचं मऊ, दुधात कुस्करलेली भाकरी आणि घट्ट केलेली आमटी. सुगंधाचं चार माणसांसारखं. सुगंधा घास घ्यायची, चावायची, गिळायची. तिच्या पाठोपाठ, डोळ्याची पापणी लवायच्या आत, आण्णांचा गळा हलायचा. दोन म्हाताऱ्या गळ्यांचं ते वरखाली होणं मालनाक्का स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून बघायची आणि आतल्या आत जळायची.

"आज आण्णांनी एकोणीस घास खाल्ले," अश्विनी खुशीत म्हणायची.

"मोजत कोण बसलंय," मालनाक्का म्हणायची. तिनं स्वतः एकवीस मोजलेले असायचे.

हे सगळं सुरू झालं होळीच्या आसपास. आण्णाप्पा वरुटे, वय एक्क्याऐंशी, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर उभी हयात काढलेला माणूस. त्यांना आधी पाण्याचा ठसका लागायला लागला, मग चहाचा, मग भाताचा. दोनदा न्यूमोनिया झाला. वजन एक्केचाळीस किलोवर आलं. दवाखान्यातून घरी तपासायला आलेली स्वराली मॅडम वयानं मालनाक्काच्या नातीएवढी होती, पण बोलायला धीट.

"आजी, आपण दिवसाला शेकडो वेळा गिळतो आणि एकदाही त्याचा विचार करत नाही," ती म्हणाली. तिनं स्वतःच्या मानेवर, केसांच्या खाली बोट ठेवलं. "इथं आत, मेंदूच्या बुडाशी, पेशींचा एक लहानसा गुच्छ असतो. घास मागं सरकला की तो हुकूम सोडतो. श्वास थांबव, श्वासनळीवर झाकण घाल, घास खाली सोड. एका सेकंदाच्या आत पंचवीस-तीस स्नायूंनी ओळीनं हे काम करायचं असतं. आजोबांचा गुच्छ अजून शाबूत आहे. पण घास येतोय, तयार राहा, अशी वर्दी वरच्या मेंदूनं त्याला द्यायची असते. म्हातारपणी ती वर्दी उशिरा पोचते. झाकण पडायच्या आधीच घास पुढं निघून जातो."

मालनाक्का तिसरीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "म्हंजे कामगार हजर हाय, पण भोंगा उशिरा वाजतोय."

"अगदी तसंच," स्वराली म्हणाली, आणि तिनं पेटीतून ते दोन पट्टे काढले.

पट्ट्यांमागची गोष्ट अशी होती. काही वर्षांपूर्वी संशोधकांच्या ध्यानात आलं, की जी माणसं वर्षानुवर्षं शेजारी बसून जेवतात, त्यांचे मेंदू एकमेकांचा गिळण्याचा ताल शिकतात. शेजारच्याचा गळा हलणार, हे आपल्या मेंदूला आधीच कळतं आणि आपलाही गळा तयारीत राहतो. कुणी हे मुद्दाम करत नाही, कुणाला ठाऊकही नसतं. नाव विसरलं, चेहरा विसरला, तरी ही खूण बऱ्याचदा शिल्लक राहते. मग त्यांनी हा जोडपट्टा केला. सोबत्याच्या कानामागची चकती त्याच्या मेंदूतली गिळण्याची तयारी टिपते आणि आजाऱ्याच्या कानामागच्या चकतीला कळवते, त्याच क्षणी गळ्याच्या पट्ट्यातून हलकी झिणझिणी देते. वर्दी सोबत्याची, गिळणं ज्याचं त्याचं. अट एकच. परक्याचा ताल मेंदू घेत नाही. जुना सोबती लागतो.

"आणि जमलंच नाही तर?" मुलानं, किरणनं विचारलं.

"वजन चाळीसच्या खाली गेलं तर पोटातून नळी घालावी लागेल. मग तोंडानं खाणं बंद."

आण्णांची जीभ जड झाली होती, पण एवढं ऐकून त्यांनी हात वर करून तो दोनदा आडवा हलवला. नळी नको.

सोबती निवडायच्या दिवशी मालनाक्का ठेवणीतलं लुगडं नेसली. आधी किरण बसला. पट्ट्यावरचा दिवा पिवळा लागला. लहानपणी तो बापाशेजारी जेवायचा खरा, पण डोळे टीव्हीत. अश्विनी बसली, दिवा तांबडा. मालनाक्का उठली तेव्हा तिच्या चालण्यात निकाल आधीच लागलेला होता. ती बसली, पट्टा बांधून घेतला, घास घेतला.

दिवा तांबडा. एकदा पिवळासुद्धा झाला नाही.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

स्वरालीनं दुसरी जोडी लावून बघितली. तेच. "आजी, तुम्ही आजोबांबरोबर जेवता ना?"

"बरोबर?" मालनाक्काला हा प्रश्नच चमत्कारिक वाटला. "मॅडम, ह्यांच्या आधी एक घास माझ्या तोंडात गेलेला न्हाई कधी. सगळ्यांचं उरकल्यावर मी चुलीपाशी बसायची. पुढं चूल गेली, गॅस आला, तो जाऊन ही इजेची शेगडी आली, तरी माझी पद्धत बदलली न्हाई. गल्लीत विचारा कुणालाबी."

बक्षीस घ्यायला उभं राहावं तशी ती हे बोलली. स्वरालीनं नुसती मान हलवली आणि आण्णांपुढं वाकली. "आजोबा, तुम्ही सगळ्यात जास्त वर्षं कुणाशेजारी बसून जेवलात?"

आण्णांनी बराच वेळ घेतला. मग जड जिभेनं, पण एकेक अक्षर नीट लावून ते म्हणाले, "सुगंधा. कांडीवाली."

आण्णा ज्या कारखान्यात चार माग चालवायचे, तिथंच सुगंधा मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. बावीस वर्षं. तिचं नाव ह्या घरात कधी कुणी घेतलं नव्हतं, आणि त्याचंच मालनाक्काला सगळ्यात जास्त लागलं. माणूस भुतालाही नाव देतो. ज्या बाईचं बावीस वर्षांत नाव निघत नाही, ती बाई साधी नसणार.

किरणनं जुन्या कामगारांकडून पत्ता काढला. सुगंधा आली, बसली, आणि पहिल्याच घासाला दिवा हिरवा झाला. आण्णांनी गिळलं. ठसका नाही, खोकला नाही. अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुगंधानं दुसरा घास तोंडात घातला आणि थांबली.

"तीच चव," ती म्हणाली.

"कुठली तीच?" मालनाक्कानं चौकटीतून विचारलं.

"डब्यातली, वहिनी. माझ्या डब्यात भाकरी आणि खर्डा. आण्णा तुमच्या डब्यातली निम्मी भाजी माझ्या झाकणात घालायचे. एक भाकरीबी द्यायचे."

एक भाकरी जास्त घाल, असं आण्णा रोज सकाळी सांगायचे. रोज पहाटे उठून मालनाक्का ती एक भाकरी जास्त थापायची, आणि नळावर बायकांत ऐट करायची, की आमच्यांचा आहार बघा, पाच भाकरी लागतात. बावीस वर्षांच्या पाचव्या भाकऱ्या त्या खुर्चीत बसून तोंड पुसत होत्या.

मालनाक्कानं पुष्कळ बारकाईनं चौकशी केली. माग दुरुस्त करणाऱ्या जुन्या जॉबरला गाठलं, दोन कांडीवाल्या शोधल्या. कुणाच्या तोंडून एक वावगा शब्द निघाला नाही. उलट एकजण हसून म्हणाली, "अक्का, मागाच्या खडखडाटात तिथं देव बोलला तरी ऐकू येत नव्हतं. नुसतं जेवायचे दोघं." मालनाक्का तिथून आली ती जास्तच तापून. लफडं असतं तर भांडता आलं असतं, केस धरता आले असते, माहेरी निघून जाण्याची धमकी देता आली असती. नुसत्या जेवण्याचं काय करायचं?

तीन आठवडे तिनं दम धरला. आण्णांचं वजन दीड किलोनं वाढलं. ज्या दिवशी सुगंधा उशिरा आली आणि आण्णा दाराकडं टक लावून बसलेले दिसले, त्या दिवशी तिचा धीर संपला. ताटं उचलताना ती सुगंधाला म्हणाली, "उद्यापासनं तुला त्रास नको. मॅडम म्हणाल्या, आता घरचं माणूस चालतंय."

सुगंधानं तिच्याकडं नीट बघितलं. "मॅडम म्हणाल्या?"

"मग काय मी म्हणते?"

सुगंधानं पट्टा सोडून टेबलावर ठेवला. "जपून घ्या, वहिनी," एवढंच म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्विनी कामावर गेल्यावर मालनाक्कानं दार लावलं. सुगंधाच्या जागी बसून सुगंधाचा पट्टा स्वतःच्या गळ्यात बांधला. चकती चिकटवली. दोन ताटं शेजारी शेजारी ठेवली. नवऱ्याच्या तोंडात घास घातला, आपल्याही तोंडात घातला, आणि वाट बघत बसली.

आता गंमत अशी, की पट्ट्याचा सगळा खेळ सोबत्यानं आधी गिळण्यावर होता. आणि मालनाक्काच्या हाडामासांत छप्पन्न वर्षं एकच गोष्ट मुरलेली होती, की आधी त्यांनी. तिनं गिळायचं ठरवलं, पण गळा ऐकेना. तोंडात घास धरून ती नवऱ्याच्या गळ्याकडं बघत राहिली. आण्णा तोंडात घास धरून तिच्या गळ्याकडं बघत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता, आणि दोन म्हातारी माणसं गाल फुगवून एकमेकांसाठी खोळंबली होती. दिवा तांबडाच. शेवटी तिला आपलाच राग आला आणि सगळ्यांचं उरकल्यावर चुलीपाशी जशी घाईघाईनं आटपायची, तसा तिनं एका झटक्यात घास आत ढकलला.

पट्टा थरथरला. आण्णांनी झिणझिणी लागताच गिळायचा प्रयत्न केला आणि घास चुकला.

त्यांचा चेहरा आधी लाल, मग काळा-निळा झाला. आवाज येईना. मालनाक्कानं पाठीवर थापा मारल्या, तोंडात बोट घातलं, दार उघडून गल्लीत हाका मारल्या. लाटकरीणबाईंचा मुलगा धावत आला, त्यानं मागून मिठी घालून पोट दाबलं, तेव्हा तो घास बाहेर पडला. आण्णा खुर्चीत कोलमडले. श्वास सुरू झाला. पण त्या दिवसानंतर त्यांनी तोंड उघडायचंच सोडलं. मालनाक्काच्या हातचा चमचा दिसला की ते ओठ मिटून घ्यायचे.

चौथ्या दिवशी काटा चाळीस किलो सहाशे ग्रॅमवर आला. स्वराली येऊन बघून गेली. ती रागावली नाही, ते मालनाक्काला रागावण्यापेक्षा वाईट वाटलं.

"नळीची तारीख सोमवारची घेते," ती म्हणाली. "त्याआधी सुगंधाबाई आल्या तर बघू. आणि आजी, तुम्हाला सोबती व्हायचंच असेल तर तेही होतं. म्हातारा मेंदूही नवा ताल शिकतो, फक्त सावकाश. पट्टा सुगंधाबाईंच्या गळ्यात, आणि तुम्ही आजोबांच्या पलीकडं बसून त्यांच्याबरोबरीनं जेवायचं. रोज. चार-सहा महिने. वाढायला उठायचं नाही."

"तिच्या बरोबरीनं," मालनाक्का म्हणाली.

"दोघांच्या."

आयुष्यात मालनाक्का कुणाच्या दारात विनंती करायला गेली नव्हती. त्या दुपारी ती कबनूरच्या रस्त्याला, कामगारांच्या जुन्या चाळीत गेली. सुगंधा एकटीच पाटावर बसून जेवत होती. दारात मालनाक्काला बघून ती उठली नाही. तिनं नुसतं एक ताट घेतलं, त्यात भाकरी आणि खर्डा वाढला आणि समोर सरकवलं.

"बसा."

"जेवायला न्हाई आले मी."

"ठाऊक हाय. बसा."

मालनाक्का बसली. तिनं एक तुकडा मोडला, पण तो तोंडाकडं जाईना. "मॅडम काय म्हणाल्या नव्हत्या," ती म्हणाली. "मीच बोलले."

"तेबी ठाऊक हाय."

"तुला सगळंच ठाऊक असतंय. माझ्या नवऱ्याचा गळा ठाऊक, माझी भाजी ठाऊक. काय बघितलंस एवढं त्यांच्यात, शेजारी बसायला?"

सुगंधा हसली. "वहिनी, त्या अख्ख्या कारखान्यात एकच पायरी हुती, जिथं कापूस उडून ताटात पडत नव्हता. आण्णा आधीपासनं तिथं बसायचे. मी नवीन हुते, विधवा बाई, कुणी जागा देईना. पहिल्या दिवशी त्यांनी डबा थोडा सरकवला आणि हातानं खूण केली, बस म्हणून."

बस. मालनाक्काला त्या एका शब्दानं असं काही झालं, की तिनं भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. नवऱ्यानं तिला लुगडी आणली होती, सोन्याची बोरमाळ केली होती, आजारपणात तिचे पाय दाबले होते. बस म्हणाले नव्हते.

"मला कधी म्हणाले न्हाईत," ती म्हणाली. हे ती सुगंधाला सांगत नव्हती, पण सुगंधानं ऐकलं.

"म्हणाले हुते की. त्यांनीच मला सांगितलं एकदा. माग बंद हुते त्या दिवशी, इजेचा खोळंबा, म्हणून बोलता आलं. म्हणाले, लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात आई गावी गेली हुती, मी दोन ताटं घेतली आणि मालनला म्हणालो, तूबी बस. तर ती म्हणाली, असली थेरं मला चालायची न्हाईत, लोक शेण घालतील तोंडात. मग काय, पुन्हा न्हाई म्हणालो, म्हणाले."

ती गोष्ट मालनाक्काला लख्ख आठवत होती. आठवायची गरजच नव्हती, कारण ती गोष्ट तिनं नळावर, बारशात, सुनेला वळण लावताना, शंभर वेळा सांगितली होती. आपण कशी वळणाची, आपण नवऱ्यालासुद्धा कसं चारचौघांसारखं वागायला लावलं. त्यात तो आपल्याला बस म्हणाला होता, असं मात्र तिला कधी वाटलंच नव्हतं. फक्त एवढी वर्षं सांगताना ती एक गोष्ट गाळत आली होती. तिनं नाही म्हटल्यावर त्यानं दुसरं ताट उचलून फळीवर ठेवलं, तेव्हा तो एक शब्द बोलला नव्हता. आणि त्या दिवशी त्याला भाकरी गेली नव्हती.

"तुला सांगितलं," ती म्हणाली. "मला न्हाई."

"तुम्ही बसलाच न्हाईसा, तर सांगणार कधी?" सुगंधानं हात धुतले. "चला. रिक्षा बोलावते. सोमवारच्या आत दोनदा तरी जेवाय पाहिजे त्यांनी."

साडेतीनला, ह्या घरात जेवणाची वेळ नसताना, तीन ताटं मांडली गेली. अश्विनी कामावरून धावत आली होती. तिनं पट्टे बांधले आणि वाढायला लागली. वाढायला सून, आणि आपण खुर्चीत, हे मालनाक्काला अंगावर पाल पडावी तसं होत होतं. दोनदा ती उठायला गेली आणि दोनदा सुगंधानं तिच्याकडं नुसतं बघितलं.

आण्णांनी एकीकडं सुगंधाला बघितलं, दुसरीकडं बायकोला. बायकोपुढचं ताट त्यांनी जास्त वेळ बघितलं. मग तोंड उघडलं. सुगंधा घास चावत राहिली, तिच्या मानेची शीर हलली, दिवा हिरवा झाला, आणि चार दिवसांनी आण्णांच्या पोटात अन्न गेलं.

सात घास झाले. मालनाक्काच्या तोंडात पहिलाच होता. तो तिनं कसाबसा गिळला, नवऱ्याच्या आधी, त्यांच्या देखत, दिवसाढवळ्या. कानशिलं तापली. तिला वाटलं, गल्लीतली सगळी माणसं खिडकीशी उभी आहेत. खिडकीत कुणी नव्हतं. फक्त आण्णा तिच्या गळ्याकडं बघत होते, नवीन माग बसवल्यावर त्याचा ठोका ऐकत उभे राहायचे तसे, आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं, की ज्यासाठी तिनं बावीस वर्षांच्या पाचव्या भाकऱ्या खुशाल सोडून दिल्या असत्या.

त्यानं तिचा राग विरला नाही. उलट आता तो नेमका कुणावर आहे हे तिला कळलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला, पदर सारखा केला, आणि सुगंधा, सून सगळ्यांसमोर नवऱ्याकडं तोंड करून बसली.

"हिचा काय दोष न्हाई, ते मी बघून आले," ती म्हणाली. "माझा हाय थोडा, तो माझा मी बघीन. पण तुमचा मोठा हाय, तो ऐका. एकदा विचारलंसा, मी न्हाई म्हटलं. अठरा वर्षांची हुते मी, सासूच्या धाकातली. दुसऱ्यांदा विचारायचं हुतं."